जुन्या इंजिनात कोणतं ऑइल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पुस्तिकेत ऑइलचा जुना दर्जा एसएफ लिहिलेला, दुकानात नव्या एसपी दर्जाचा डबा, आणि मेकॅनिक म्हणतो, ‘नव्या ऑइलमध्ये आता काही दम राहिला नाही.’ जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या वाचकांची याच एका गोंधळाबद्दलची पत्रं बरीच साठली होती. त्यामुळे या वेळचं सदर पूर्णपणे इंजिन ऑइललाच दिलं आहे.

प्रश्न : माझी १९८८ची प्रीमियर पद्मिनी आहे. पुस्तिकेप्रमाणे २०डब्ल्यू-५०, एपीआय (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) एसएफ ऑइल हवं. दुकानात एसएन किंवा एसपीच मिळतं. नव्या ऑइलमधून झिंक काढून टाकलंय, त्यामुळे कॅमशाफ्ट खाल्ला जातो, असं ऐकलं. हे खरं आहे का? (मिरज)

अर्धं खरं आहे. आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच लोक चुकीचा डबा घेतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गॅरेजमध्ये ज्याला नुसतं ‘झिंक’ म्हणतात त्याचं पूर्ण नाव झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट, थोडक्यात झेडडीडीपी. १९४०च्या दशकापासून ते इंजिन ऑइलमध्ये आहे. कॅमचं नाक (कॅमशाफ्टवरचा उंचवटा) टॅपेटवर (व्हॉल्व्ह उघडण्यासाठी तो ज्याला ढकलतो त्या भागावर) घासतं तिथे दाब इतका असतो की मधली ऑइलची फिल्म पिळून निघते आणि लोखंड लोखंडाला भिडतं. नेमक्या त्या जागी उष्णता आणि दाब यांमुळे झेडडीडीपीचं विघटन होतं आणि पोलादावर फॉस्फेटचा काचेसारखा थर बसतो. त्याची जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. घासून तो झिजतो आणि पुन्हा तयार होतो, म्हणून ऑइलमध्ये त्याचा साठा शिल्लक असावा लागतो. नाव झिंकचं होत असलं तरी खरं काम जास्त करतो तो फॉस्फरस. तेव्हा आकडा बघायचा तो फॉस्फरसचा.

तुमच्या १०८९ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आहे आणि टॅपेट सपाट तळाचे आहेत. कॅम त्यांच्यावरून घसरतो, रोलरसारखा फिरत नाही. या प्रकाराला झेडडीडीपीची गरज सर्वांत जास्त असते, एवढं तुमच्या कानावर आलेलं बरोबर आहे.

फॉस्फरस कमी का केला? इंजिन थोडं ऑइल जाळतंच. त्यातला फॉस्फरस सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो आणि त्याला निकामी करतो. म्हणून मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली : एसएचच्या काळात ०.१२ टक्के, १९९६च्या एसजेला ०.१०, २००४च्या एसएमला ०.०८. एसएन (२०१०) आणि एसपी (२०२०) यांनाही ०.०८च आहे. खालची मर्यादा ०.०६ टक्के.

आता जी गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही ती. ही वरची मर्यादा फक्त पातळ ग्रेडना लागू आहे : ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३०. ज्यांचा दुसरा आकडा (गरम ऑइलचा जाडपणा) ४० किंवा ५० आहे त्या ग्रेडना एसएम, एसएन, एसपीमध्ये फॉस्फरसची वरची मर्यादाच नाही. म्हणजे २०डब्ल्यू-५०च्या डब्यावर एसएन लिहिलं आहे, एवढ्यावरून त्यात झिंक कमी आहे असं ठरत नाही.

भरपूर आहे असंही ठरत नाही. एखादी कंपनी सोयीसाठी एकच अ‍ॅडिटिव्ह सगळ्या ग्रेडमध्ये घालू शकते. म्हणून त्या ऑइलचं तांत्रिक माहितीपत्रक कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या किंवा वितरकाकडे मागा. त्यात फॉस्फरस ०.१० ते ०.१२ टक्के, म्हणजे १००० ते १२०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असेल तर डोळे मिटून घ्या. काही पत्रकांत फक्त झिंक देतात. झिंकचा आकडा फॉस्फरसच्या साधारण १.१ पट असतो, म्हणजे तो ११०० ते १३०० हवा.

आणि समजा ०.०८चंच मिळालं, तर? तरी घाबरू नका. कॅम खाल्ले गेल्याच्या ज्या तक्रारी गाजल्या त्या मुख्यतः अमेरिकेतल्या व्ही-८ इंजिनांच्या होत्या : जास्त लिफ्टचे कॅम, कडक स्प्रिंगा, आणि बहुतेक वेळा कॅम नवा बसवल्यानंतरची पहिली काही मिनिटं. पद्मिनीच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा त्या मानाने फारच मऊ आहेत. ज्या इंजिनात कॅम आणि टॅपेट वर्षानुवर्षं एकमेकांवर बसलेले आहेत ते एसपीच्या २०डब्ल्यू-५०वर एकाएकी झिजायला लागत नाही.

खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. ‘नवं आहे, सिंथेटिक आहे, महागाचं आहे’ म्हणून दुकानदार ५डब्ल्यू-३० हातात देतो, तिथे. १०० अंश तापमानाला ३०च्या ऑइलची श्यानता (जाडपणा) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ५०च्या ऑइलची १६.३ ते २१.९. त्या काळच्या बेअरिंगांमध्ये ठेवलेली फट जाड ऑइलच्या हिशेबाने आहे, वर झिजेने ती आणखी वाढलेली. पातळ ऑइल त्यातून निसटतं, गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलचा दिवा लुकलुकायला लागतो. शिवाय फॉस्फरसची मर्यादा पाळणारी ग्रेड तीच. म्हणजे फिल्मही पातळ आणि तिच्यामागचा थरही कमी. पहिल्या आकड्याची चिंता तुम्हाला नको : २०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३०ला. मिरजेत त्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही.

जुन्या साठ्यातले एसएफचे डबे शोधत फिरू नका. एसए ते एसएच या सगळ्या श्रेणी एपीआयने कालबाह्य ठरवल्या आहेत. त्या ऑइलमध्ये झिंक असेल, पण गाळ धरून ठेवण्याची आणि उष्णतेत टिकण्याची ताकद आजच्या मानाने कमी होती. एसपीमध्ये कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलंय, त्याचं काय, असंही तुम्ही विचारलं आहे. तो बदल टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांमधल्या अवेळी ज्वलनासाठी आहे. कार्बोरेटरच्या गाडीला त्याचा फायदा नाही, तोटाही नाही.

प्रश्न : मग झिंकची छोटी बाटली वेगळी मिळते, ती ऑइलमध्ये ओतली तर? मेकॅनिक म्हणतो जितकं जास्त तितकं चांगलं. (ठाणे)

नको. हिशेब करून बघा. ४ लिटर ऑइलचं वजन साधारण साडेतीन किलो. त्यात ०.१० टक्के फॉस्फरस म्हणजे साडेतीन ग्रॅम. ते ०.१२वर न्यायला लागतो फक्त ०.७ ग्रॅम फॉस्फरस, म्हणजे झेडडीडीपीचं अर्क-द्रावण जेमतेम ८-१० ग्रॅम. बाटलीवर तिच्यात फॉस्फरस किती टक्के आहे हे बहुधा लिहिलेलंच नसतं. पूर्ण बाटली ओतली की आकडा कुठे जाऊन पोचला हे तुम्हालाही कळत नाही आणि मेकॅनिकलाही.

जास्त झालं तरी बिघडतं. ०.१४ टक्क्यांच्या पुढे दीर्घकाळची झीज उलट वाढते, आणि ०.२०च्या आसपास फॉस्फरस पोलादाच्या कणांमधल्या सीमा पोखरायला लागतो. मग कॅमच्या पृष्ठभागाचे बारीक टवके निघतात. शिवाय ऑइलमधला डिटर्जंट आणि झेडडीडीपी हे दोघेही धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा मागतात. कंपनीने दोघांचं प्रमाण एकमेकांना जुळवून ठेवलेलं असतं. बाहेरून एक घटक वाढवला की तो मेळ बिघडतो. योग्य आकड्याचं ऑइल विकत घेणं हा साधा आणि स्वस्त मार्ग आहे.

प्रश्न : अँबॅसॅडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन बांधून घेतलं आहे. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे टाकले. पहिल्यांदा सुरू करताना कोणतं ऑइल घालावं आणि काय काळजी घ्यावी? (सातारा)

हा प्रश्न सुरू करण्याच्या आधी विचारलात हे फार चांगलं केलंत. सपाट टॅपेटचा कॅम मरतो तो बहुधा पहिल्या २० मिनिटांत. वरचा थर अजून बसलेला नसतो, पृष्ठभाग खरबरीत असतात, आणि इथे मात्र झेडडीडीपीचा आकडा खरोखर महत्त्वाचा आहे. फॉस्फरस ०.१२ टक्क्यांच्या जवळ असलेलं साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घ्या. सिंथेटिक नको.

इंजिनाची जुळणी पूर्ण करण्याआधी हे तपासलं असेल अशी आशा आहे : प्रत्येक टॅपेट आपल्या भोकात बोटाने सहज गोल फिरतो का. कॅमच्या नाकाला अगदी थोडा उतार असतो आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो, त्यामुळे चालताना टॅपेट स्वतःभोवती फिरतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. अडकलेला टॅपेट एकाच जागी घासतो, आणि मग कोणतंही ऑइल त्याला वाचवू शकत नाही. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही वापरू नयेत. जुना कॅम ठेवणार असाल तर प्रत्येक टॅपेट त्याच्या मूळच्याच जागी गेला पाहिजे, म्हणून काढतानाच नंबर टाकून ठेवायचे.

कॅमच्या प्रत्येक नाकावर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावा. नुसतं ऑइल लावलं तर गाडी गॅरेजमध्ये आठ दिवस उभी राहीपर्यंत ते ओघळून जातं. ऑइल भरा, फिल्टर उभा बसत असेल तर त्यातही ओता. स्पार्क प्लग काढून स्टार्टर मारा, गेजवर दाब दिसेपर्यंत. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या. रेडिएटर भरलेला, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल पोचलेलं, टायमिंग आधीच लावलेलं हवं, कारण इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू व्हायला हवं. सुरू होत नाही म्हणून वीस वेळा स्टार्टर मारला तर पेस्ट तिथेच पुसली जाते.

सुरू झालं की लगेच १५००च्या वर न्या आणि २० ते २५ मिनिटं १५०० ते २५०० आरपीएममध्ये वरखाली करत ठेवा. आयडलवर अजिबात सोडू नका. कमी वेगात स्प्रिंगचा पूर्ण जोर नाकावर पडतो आणि क्रँकवरून उडणारं ऑइल कॅमपर्यंत कमी पोचतं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी. काही गळतंय, आवाज येतोय, तापतंय असं वाटलं तर इंजिन बंद करा, दुरुस्त करा आणि उरलेली मिनिटं पुन्हा वेगातच पूर्ण करा.

त्यानंतर ते ऑइल गरम असतानाच काढून टाका, फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून कागद उलगडून बघा. करड्या रंगाची पेस्ट आणि थोडी चकाकी चालेल. चुंबकाला चिकटणारे टवके दिसले तर गाडी रस्त्यावर काढू नका. तेच मिनरल ऑइल पुन्हा भरा, ५०० किलोमीटरला बदला, मग नेहमीप्रमाणे ५००० किलोमीटरला. पिस्टन रिंगा बसायच्या असतात, त्यामुळे पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये एकाच वेगात लांबचा पल्ला मारू नका. चढावर थोडा जोर घेऊ द्या, उतारावर गियरमध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडा.

प्रश्न : १९९६ची मारुती ८००. कुंभार्ली घाट उतरून खाली आलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की निळा धूर येतो. शोरूममध्ये हल्ली सगळ्या गाड्यांना पातळ ऑइल घालतात, मीही तेच घालू की एकदम २०डब्ल्यू-५०? (चिपळूण)

धूर कधी येतो हे तुम्ही नेमकं लिहिलंत, त्यातच निदान आहे. उताराला अ‍ॅक्सिलरेटर सुटलेला असतो, इंजिनात निर्वात जोरात असतो आणि ऑइल व्हॉल्व्ह गाइडवरून खाली ओढलं जातं. पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की ते जळतं. म्हणजे व्हॉल्व्ह सील कडक झाले आहेत. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा फुसका येतो का पाहा, तोही त्याचाच पुरावा. रिंगा गेल्या असत्या तर चढ चढताना जोर देतानाही धूर सतत आला असता. खात्री करायची तर कॉम्प्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून ५ ते १० मिली ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला तर रिंगांचाही भाग आहे.

ऑइल जाड केल्याने सील मऊ होत नाहीत. खर्च थोडा कमी होईल इतकंच. सील बदलून घ्या आणि १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० घाला, त्या हेडला ते पुरेसं आहे. या इंजिनात कॅम हेडमध्ये आहे आणि रॉकरवर घासतो. एसएलपासून एसएनपर्यंत ऑइलची कॅम-झीज चाचणी अशाच घासणाऱ्या रचनेच्या इंजिनावर होत असे, त्यामुळे झिंकसाठी वेगळं काही शोधायची गरज नाही. ०डब्ल्यू-२० मात्र टाळा. ते ज्या इंजिनांसाठी आहे त्यांची फट आणि ऑइल पंप त्या हिशेबाने बनवलेले असतात.

२०००नंतरची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) ८०० ज्यांच्याकडे आहे त्यांनी ध्यानात ठेवावं : तिला कन्व्हर्टर आहे. ऑइल जाळणाऱ्या गाडीत जास्त झिंकचं रेसिंग ऑइल घालणं म्हणजे कन्व्हर्टर आपल्या हाताने मारणं.

प्रश्न : महिंद्राची डीआय डिझेल जीप, पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० सीएफ-४. आता सीआय-४ प्लस आणि सीके-४ मिळतं. नव्या ऑइलने जुनं इंजिन गळायला लागतं म्हणतात. (पाटण)

‘सी’ने सुरू होणारे हे डिझेल ऑइलचे एपीआय दर्जे. सीएफ-४ १९९०चं, सीआय-४ २००२चं, सीके-४ २०१६च्या अखेरचं. ही साखळी मागच्या इंजिनांनाही चालेल अशीच बांधलेली आहे. तुमच्या जीपला आम्ही सीआय-४ प्लस १५डब्ल्यू-४० सुचवू. सीके-४मध्ये फॉस्फरस ०.१२ आणि राख १ टक्क्याच्या आत ठेवतात, ती काळजी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असलेल्या गाड्यांसाठी आहे. तुमच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नाही, मग त्याचे जादा पैसे कशाला? दुसरं काही मिळालंच नाही तर सीके-४ने नुकसान होणार नाही. आम्लाशी लढण्याचा साठा त्यात थोडा कमी असतो, पण डिझेलही बदललं आहे : भारत स्टेज १च्या डिझेलमध्ये गंधक २५०० पीपीएमपर्यंत असे, एप्रिल २०२०पासून देशभर १० पीपीएम आहे. आम्लच कमी तयार होतं.

एफए-४ मात्र घेऊ नका. अक्षरं सारखी दिसतात, पण ते नव्या ट्रक इंजिनांसाठी मुद्दाम पातळ ठेवलेलं ऑइल आहे आणि जुन्यांना चालत नाही.

गळतीचं म्हणाल तर ऑइल सील खात नाही. कडक झालेल्या सीलच्या आणि कॉर्कच्या गॅस्केटच्या भेगा वर्षानुवर्षांच्या काजळीने बुजलेल्या असतात. नव्या ऑइलमधला डिटर्जंट ती काजळी धुऊन काढतो आणि जुनी भेग उघडी पडते. तीच सुटलेली काजळी दुसरीकडे मोठं नुकसान करू शकते : ऑइल चेंबरमधल्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. म्हणून स्वस्त ऑइलवर बरीच वर्षं चाललेलं इंजिन असेल तर पहिले दोन बदल १०००-१००० किलोमीटरला करा, दर वेळी फिल्टरसह. शक्य असेल तर चेंबर उतरवून जाळी रॉकेलने धुऊन घ्या.

चेंबरमध्ये डिझेल ओतून इंजिन चालवून ‘फ्लश’ करायची पद्धत अजून गावोगाव आहे. ती कृपया सोडा. ते डिझेल पूर्ण निघत नाही, वाटांमध्ये आणि पंपात अडकून राहतं आणि नवं ऑइल पहिल्या दिवशीच पातळ करतं. आणि तो धुण्याचा वेळ बेअरिंग जवळजवळ कोरडी चालतात.

गेज वाचायची एक खूण देतो. दाब गरम इंजिनात आयडलला पडत असेल तर बेअरिंग झिजलेत किंवा ऑइल पातळ झालंय. आयडलला ठीक आणि वेग वाढवला की पडत असेल, तर जाळी चोंदली आहे. तेव्हा तिथेच थांबा. आणि ५०० किलोमीटरमध्ये ऑइल काळं झालं तर ते खराब झालं असं समजू नका. डायरेक्ट इंजेक्शन डिझेलमध्ये काजळी होतेच, ती ऑइलने धरून ठेवली म्हणजे ते आपलं काम करतंय.

प्रश्न : जुन्या कास्ट आयर्न बुलेटला कारचं ऑइल चालतं का? (मडगाव)

इंजिनाला चालतं. त्या बुलेटमध्ये इंजिन, गियरबॉक्स आणि प्रायमरी चेनकेस यांचं ऑइल वेगवेगळं असतं, क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडत नाही. त्यामुळे चांगलं २०डब्ल्यू-५० घ्या आणि फॉस्फरस बघा, इथेही टॅपेट सपाटच आहेत. प्रायमरी केसमध्ये मात्र पुस्तिकेत लिहिलेलंच घाला. २००८-०९नंतर आलेल्या यूसीई (इंजिन आणि गियरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या) इंजिनांची गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे एकच ऑइल सगळीकडे फिरतं, क्लचही त्यातच. त्यासाठी जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. त्या मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के ठेवणं बंधनकारक आहे आणि क्लच घसरवणारे घटक टाळलेले असतात. ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ (इंधन वाचवणारं) लिहिलेलं कारचं ऑइल तिथे घातलं की क्लच सरकायला लागतो.

कास्ट आयर्न बुलेट महिनाभर उभी असेल तर टाकीतलं ऑइल क्रँककेसमध्ये उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसली म्हणून लगेच भर घालू नका. पाच मिनिटं चालवून मग पाहा, नाहीतर जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून बाहेर येईल.

प्रश्न : बजाज चेतक टू-स्ट्रोकच्या गियरबॉक्समध्ये मेकॅनिकने ९० नंबर घातलं, तेव्हापासून क्लच नीट सुटत नाही. आणि २टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिळालं नाही तर पेट्रोलमध्ये बाइकचं ४टी (फोर-स्ट्रोकचं) चालेल का? (धुळे)

चेतकचा क्लच गियरबॉक्सच्याच ऑइलमध्ये फिरतो. तिथे साधं एसएई ३० इंजिन ऑइल, साधारण २५० मिली. ९० नंबरचं गियर ऑइल हे इंजिनच्या मापात ४० ते ५०च्या बरोबरीचं असतं (दोन्ही मापं वेगळी आहेत), म्हणून प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात. वर त्यातले गंधकयुक्त घटक पितळेच्या बुशांना खातात. ते काढा, एसएई ३० घालून दहा-पंधरा किलोमीटर चालवा, पुन्हा एकदा बदला.

४टी पेट्रोलमध्ये कधीही नको. झिंक आणि कॅल्शियम जळत नाहीत, त्यांची राख होते आणि ती प्लगच्या टोकांमध्ये आणि पिस्टनच्या माथ्यावर बसते. जासो एफसी दर्जाचं २टी घ्या. २ टक्के म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरला १००. इथेनॉलचं पेट्रोल मिसळून महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नका. ओलावा ओढून पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे होतात, त्या थरात ऑइल नसतं, आणि इंजिन पहिल्यांदा तेच पितं.

प्रश्न : जुनी स्टँडर्ड हेराल्ड वर्षाला ३००-४०० किलोमीटर फिरते. ऑइल बदलायलाच हवं का? दर आठवड्याला दहा मिनिटं उभ्यानेच चालू ठेवतो. (नाशिक)

ते दहा मिनिटांचं चालवणं आधी थांबवा. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन पुरतं तापलं नाही तर त्यातला काही भाग रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतो, न जळलेलं पेट्रोलही उतरतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते ती हीच. (रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट तपासा.) पाण्यात झेडडीडीपीही विघटित होतं, म्हणजे गाडी न चालताच त्याचा साठा संपतो. महिन्यातून एकदा ३०-४० मिनिटं रस्त्यावर चालवणं चारदा उभ्याने चालवण्यापेक्षा कितीतरी बरं.

ऑइल किलोमीटर न बघता वर्षातून एकदा बदला, आणि तेही पावसाळ्यासाठी गाडी झाकून ठेवण्याच्या आधी, मेच्या अखेरीस. पावसाळ्यानंतर बदलाल तर चार महिने आम्लाचं जुनं ऑइल बेअरिंगांवर बसून राहिलेलं असेल.

प्रश्न : डुप्लिकेट ऑइल कसं ओळखायचं? (छत्रपती संभाजीनगर)

वासावरून किंवा बोटांत चोळून ओळखता येत नाही. झाकणाच्या आतलं सील शाबूत आहे का, डब्यावरचा आणि झाकणावरचा बॅच क्रमांक जुळतो का आणि क्यूआर कोड असेल तर तो कंपनीच्याच पानावर उघडतो का, हे पाहा. सुटं ऑइल घेऊ नका, बिल घ्या. गॅरेजमध्ये बदलत असाल तर डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. ओतून झाल्यावर रिकाम्या डब्याला स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडा आणि लेबल फाडून टाका, कारण बनावट ऑइल भरलं जातं ते अशाच धडधाकट रिकाम्या डब्यांत.